विहीणबाईंचा आज्ञार्थ

नवल पाटील लोणखेड्याच्या कॉलेजात मराठी शिकवतात. त्यांना तिथे 'सर' म्हणतात, शहाद्याच्या बाजारात 'सर' म्हणतात आणि घरी त्यांची बायको सीमा भांडताना 'सर' म्हणते. तेव्हा आपणही त्यांना नवलसरच म्हणू आणि 'आले', 'गेले', 'म्हणाले' असं आदराने बोलू. नाहीतर ते मध्येच थांबवून दुरुस्ती करतील. त्यांनी आजवर लोकांच्या लग्नपत्रिका दुरुस्त केल्या आहेत, केळीच्या ट्रकमागचा मजकूर दुरुस्त केला आहे, आणि एकदा श्रद्धांजलीच्या फलकावरचा ऱ्हस्व-दीर्घ दाखवत असताना मयताच्या भावाने त्यांना हाताला धरून बाजूला नेलं आहे.

सर मूळचे रनाळ्याचे. म्हणजे अहिराणीत वाढलेले, जिथे बापाला 'तू', मायला 'तू', आणि साहेब घरी आला तर त्यालाही पहिला चहा होईपर्यंत 'तू'. सरांना शिकून आल्यावर हे फार खुपायला लागलं. आई, कौसाबाई, सुधारण्याच्या पलीकडे होती. सीमा लग्नानंतर पहिल्या आठवड्यात 'अहो' म्हणाली, मग तिलाच हसू यायला लागलं. उरली एकुलती एक मुलगी, रुपा. तिला सरांनी बोबडं बोलत असल्यापासून शिकवलं : बाबांना 'तुम्ही' म्हणायचं. रुपा हुशार. लगेच शिकली. आणि 'तुम्ही'मध्ये बापाशी जेवढं बोलता येतं, तेवढंच बोलत मोठी झाली.

ही रुपा स्पेनमध्ये सारागोसा नावाच्या शहरात पवनचक्क्यांच्या कंपनीत इंजिनिअर होती. तिथल्याच आल्वारो नावाच्या मुलाशी तिने लग्न ठरवलं. मुलगा व्हिडिओ कॉलवर दिसायला बरा होता आणि सरांना पाहून उभा राहायचा, त्यामुळे सरांची हरकत नव्हती. हरकत असती तरी कोणी विचारली नसती, पण नव्हती. प्रश्न एकच होता. लग्न कुठे?

"बाबा, नोव्हेंबरात मी येतेय, आल्वारोची आई पण सोबत येतेय," रुपा फोनवर म्हणाली. "चार दिवस. तिला आपल्याकडे घरच्यासारखं वाटलं, तर लग्न शहाद्यात. नाही वाटलं, तर आम्ही इथंच नगरपालिकेत जाऊन सह्या करतो आणि तुम्हाला फोटो पाठवतो."

फोटो! सर ज्या लग्नांना आजवर जेवले होते, त्या सगळ्यांची तोंडं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. पण ते एक असो. खरं म्हणजे रुपा दहावीत होती तेव्हाच त्यांनी मनातल्या मनात कडुनिंब ते फाटक असा मांडव घालून ठेवला होता, आणि त्यात हळद लागलेली रुपा बसवून ठेवली होती. एवढी एकच गोष्ट त्यांना आयुष्यात बघायची होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण ते 'तुम्ही'मध्ये कसं सांगायचं ते त्यांना येत नव्हतं.

आता तो मांडव मुलाच्या आईच्या भुवईवर उभा होता. सरांनी ठरवलं, विहीणबाईंशी आपण त्यांच्या भाषेत बोलायचं.

तीन आठवड्यांत अख्खी भाषा येत नाही, एवढं कळण्याइतके सर व्यवहारी होते. मग त्यांनी विचार केला की यजमान पाहुण्याशी बोलतो काय? या. बसा. घ्या. खा. प्या. अजून थोडं घ्या. थांबा हो, जाल. पाहुणचारात भूतकाळ नाही, भविष्यकाळ नाही. पाहुणचार म्हणजे सबंध आज्ञार्थ. आणि आज्ञार्थ हा तर सरांचा हातखंडा विषय होता, शिकवण्यापुरता. घरात त्यांनी दिलेली आज्ञा शेवटची कधी पाळली गेली हे कोणालाच आठवत नसल्यामुळे ते घरात विध्यर्थ वापरत. "चहा मिळावा," ते म्हणत. "मिळावा ना, कोण अडवतंय," असं म्हणून सीमा पेपरचं पान उलटे.

बस स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी इंटरनेटवरचे स्पॅनिश आज्ञार्थाचे धडे छापून आणले. नियमित क्रियापदांचेच. अनियमित क्रियापदांशी त्यांनी मराठीतही कामापुरताच संबंध ठेवला होता.

पहिल्याच पानावर त्यांना गहिवरून आलं. स्पॅनिशमध्ये 'तू'ला 'तू'च म्हणतात! म्हणजे अर्धी भाषा येतच होती. आदराच्या 'तुम्ही'ला 'उस्तेद'. म्हणजे उस्ताद. झाली उरलेली अर्धी. पुढे गंमत अशी लिहिली होती की 'तू'ला आज्ञा करायची तर वेगळं रूप शोधायला नको. 'तो खातो' यातलं 'खातो' उचलायचं आणि माणसाच्या तोंडावर म्हणायचं, झाली आज्ञा. सरांना त्या लोकांचा हेवा वाटला. इकडे घसा कोरडा करून कोणी उठत नाही, आणि तिकडे 'खातो' म्हटलं की समोरचा खायला लागतो.

मग होता तक्ता. क्रियापदं तीन जातींची, शेवटी आर, एर किंवा ईर असलेली. बोलणे म्हणजे आब्लार : 'तू'च्या खाली 'आब्ला', 'उस्तेद'च्या खाली 'आब्ले'. खाणे म्हणजे कोमेर : 'तू'च्या खाली 'कोमे', 'उस्तेद'च्या खाली 'कोमा'. लिहिणे म्हणजे एस्क्रीबिर : 'तू'च्या खाली 'एस्क्रीबे', 'उस्तेद'च्या खाली 'एस्क्रीबा'.

सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. दोन ओळींत 'आ' आदराच्या घरात होता आणि पहिल्या ओळीत तोच 'आ' तू-ताच्या घरात जाऊन बसला होता. पंचवीस वर्षं प्रश्नपत्रिकांची मुद्रितं तपासलेल्या माणसाला हे कळायला कितीसा वेळ लागणार? कर, करा. बस, बसा. बोल, बोला. आदर म्हटला की शेवटी 'आ' यायचाच. 'आब्ला' म्हणजे स्वच्छ 'बोला'. कानालासुद्धा तसंच लागतं. पहिल्या ओळीत छापणाऱ्याने घरं अदलाबदल केली होती.

तक्त्याखाली इंग्रजीत अर्धं पान स्पष्टीकरण होतं. पण स्पष्टीकरण विद्यार्थ्यांसाठी असतं. सरांनी लाल पेन काढलं, पहिल्या ओळीवर उलटसुलट दोन बाण मारले, समासात 'मु. चू.', म्हणजे मुद्रणाची चूक, असं लिहिलं आणि खाली सही केली. सही करायचं काही कारण नव्हतं. सवय.

मग तीन आठवडे ते पाठ करत हिंडले. 'आर'वाली 'आ'त : एंत्रा, आत या. पासा, पुढे या. तोमा, घ्या. मीरा, पाहा. एस्पेरा, थांबा. 'एर-ईर'वालीसुद्धा 'आ'तच : कोमा, खा. बेबा, प्या. सूबा, चढा. सगळीकडे 'आ'. किती सभ्य भाषा!

"काय रे नवल, कोन मीरा?" कौसाबाईने विचारलं. "सकायपशी मीरा मीरा करी ऱ्हायना. बायकोनी आयकं म्हंजे?"

"आई, ते 'पाहा' आहे. स्पॅनिशमध्ये."

"पाय मंग. कोन नही म्हनस."

विहीणबाईंचं नाव पिलार. साठीच्या आसपासचं वय, तिकडे स्वतःची बेकरी, दंड पैलवानासारखे आणि हसणं गल्लीच्या टोकापर्यंत जाणारं. नंदुरबार स्टेशनवरून गाडी शहाद्याला आली तेव्हा सर फाटकात इस्त्रीच्या सदऱ्यात उभे होते. पिलार उतरली तशी त्यांनी कमरेत वाकून हात दाराकडे केला.

"एंत्रा!" सर गर्जले. "पासा, पासा!"

पिलारने बॅग तिथंच टाकली. काहीतरी आनंदाने ओरडत ती पुढे आली आणि तिने सरांना मिठी मारून दोन्ही गालांवर मुके घेतले. सर झेंड्याच्या खांबासारखे उभे राहिले. समोरच्या गॅलरीत करणसिंगच्या घरच्यांनी हे पाहिलं, आणि ज्यांना दिसलं नव्हतं त्यांना बोलावून घेतलं.

"ये व माय," कौसाबाईने मागून पिलारचा दंड धरला. "ये, बठ. थकी गई व्हशी. कितली दूर शे तुन्हं गाव! हाई पिलाबाई शे ना व रुपा? हासरी शे. चांगली शे."

"आई!" सर दबक्या आवाजात म्हणाले. "विहीणबाई आहेत त्या. 'तू' काय म्हणतेस त्यांना!"

"तिले कथं समजस?"

पहिला तास झकास गेला. सरांनी मीरा, मीरा करत कडुनिंब दाखवला, अंगण दाखवलं, भिंतीवरचा आदर्श शिक्षक पुरस्कार दाखवला. पिलार प्रत्येक गोष्टीला सरांच्या खांद्यावर थाप मारून दाद देत होती. रुपा वडिलांकडे अशा नजरेने बघत होती की जणू त्यांना आजच भेटते आहे. सरांच्या डोळ्यांसमोर मांडवाचे बांबू रोवले गेले.

मग ताटं वाढली. सीमाने भरीत केलं होतं. हिरवी वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजून, हिरवी मिरची खलबत्त्यात कुटून. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. बेकरीवाली पिलार भाकरीवर वाकली, बोटाने पापुद्रा उचलून आत वास घेतला. ती भुकेली होती हे कोणालाही दिसलं असतं.

सरांनी हात जोडले. "तोमा," ते म्हणाले. घ्या. आणि पुढे ठसक्यात, "कोमा! बेबा!"

पिलारचा घास हातात थांबला. तिने सरांकडे पाहिलं, मग रुपाकडे पाहिलं. रुपा पाण्याचा तांब्या आणायला उठली होती. पिलार सावरून बसली, 'ग्रासियास', म्हणजे आभार, म्हणाली, अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट बाजूला केलं.

"तिखट झालं," सीमा स्वयंपाकघरात म्हणाली.

रात्रीच्या भाजीत निम्मी मिरची. सर म्हणाले, "कोमा!" पिलारने दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांत मिरचीच नाही. "कोमा!" तिने चार पोहे निवडून खाल्ले. दुपारच्या वरणाला हिंगसुद्धा लागू दिला नाही. "कोमा! कोमा!" सरांनी आवाज वाढवला, आग्रह कमी पडत असेल म्हणून. पिलारने चमचा खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

विचित्र म्हणजे ताटावरून उठलं की बाई पुन्हा मोकळी. सर फाटकाशी 'पासा' म्हणाले की हसे, केळीच्या बागेत 'मीरा' म्हणाले की हातात हात घालून बघे. ताट आलं की मिटे. घरात मात्र तोवर तिखट संपलं होतं.

"हाई भरीत शे का आजारी मानूसनं जेवन?" कौसाबाईने तिसऱ्या दिवशी सकाळी विचारलं. "मन्हा तोंडनी चव गई. अन् ती तं तरी बी खाई नही ऱ्हायनी. नवल, तू तिले नेमकं काय सांगस? खाय म्हनस का खाऊ नको म्हनस?"

"मी आदराने 'खा' म्हणतो, आई."

"मंग आदरनं पोट भरी गयं व्हई तिनं."

सर दाढी करायला गेले. विहीणबाई उपाशी, उद्या परतीचा दिवस, आणि संध्याकाळी त्या रुपाला आपला निर्णय सांगणार होत्या. मनाला उभारी यावी म्हणून त्यांनी आरशाशेजारी मोबाइल टेकवून स्पॅनिशचा एक व्हिडिओ लावला. त्यात एक बाई दवाखान्याचं दार उघडून पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरांना म्हणाली, "एंत्रे, दोक्तोर." मग एक पोर पळत आलं, त्याला ती म्हणाली, "एंत्रा!"

सरांचा वस्तरा गालावर थांबला. त्यांनी व्हिडिओ मागे घेतला. डॉक्टर, एंत्रे. पोरगं, एंत्रा. पुन्हा मागे घेतला. डॉक्टर काही केल्या 'आ'त येईना.

त्यांनी तशीच फेसाने माखलेली मान घेऊन झेरॉक्सचे कागद बाहेर काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा तक्त्याखालचं स्पष्टीकरण वाचलं. सरळ होतं. 'उस्तेद'साठी स्वर उलटायचा. 'आर'वाल्यांचा 'ए' होतो, 'एर' आणि 'ईर'वाल्यांचा 'आ'. तक्ता बरोबर होता. मुद्रणाची चूक फक्त लाल शाईत होती, आणि तिच्याखाली सरांची सही होती.

म्हणजे दारात उभं राहून, वाकून, भर गल्लीच्या साक्षीने त्यांनी मुलाच्या आईला म्हटलं होतं : "ये गं आत! सरक पुढे!" आणि दोन दिवस बागेत : "बघ! हे बघ! थांब तिथं!" खाताना तेवढा आदर, तोही चुकून. बाई जेवत नव्हती यात नवल काय? घोर अपमान झाला होता. त्यांनी आईला दबक्या आवाजात झापलं होतं ते आठवलं. कौसाबाई एका 'तू'वर थांबली होती. सरांनी व्याकरणशुद्ध बारा-पंधरा म्हटले होते.

चूक कळली की दुरुस्त करायची, हा सरांचा बाणा. त्यांनी दाढी पुरी केली, सगळी 'आर'वाली क्रियापदं 'ए'त घोटली, आणि बाहेर येऊन पिलारला लवून म्हणाले, "पासे."

पिलार पासे झाली खरी, पण जपून. त्या दिवशी तिला प्रकाशा गावाला तापीकाठी न्यायचं ठरलं होतं. सरांनी गाडीचं दार उघडलं, "एंत्रे." घाटावर, "एस्पेरे." नदीकडे हात करून, "मीरे." उसाचा रस घेताना, "तोमे. बेबा." एकही 'तू' निसटू दिला नाही. प्रत्येक 'ए'बरोबर बाईंचं हसू थोडं थोडं आत जात होतं. परतताना ती मागच्या सीटवर रुपाच्या कानाशी हळू आवाजात बोलत राहिली आणि सर आरशातून समाधानाने बघत राहिले. एवढा आदर पाहून बाई भारावल्या होत्या.

घरी आल्यावर रुपा कडुनिंबाखाली त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, पिलारने तुमचं काय वाकडं केलंय?"

"माझं? उलट मीच त्यांना आज..."

"तुम्ही तिला 'उस्तेद' म्हणताय."

"हो," सर विनयाने म्हणाले. "दोन दिवस चूक झाली माझी. आज सुधारली."

रुपाने डोक्याला हात लावला. "बाबा, तिकडे घरातल्या माणसाला कोणी 'उस्तेद' म्हणत नाही. बँकेत म्हणतात. पोलिसाला म्हणतात. आल्वारो त्याच्या बाबांना 'तू' म्हणतो, मी पण म्हणते. तुम्ही दारात तिला 'एंत्रा' म्हणालात तेव्हा ती मला काय म्हणाली माहितीये? म्हणाली, तुझ्या बाबांनी पहिल्याच शब्दात मला घरात घेतलं. आणि मग ताटावर बसल्यावर तुम्ही एकदम 'कोमा'! आपण भोजन करावे! एका वाक्यात 'तू', पुढच्या शब्दात 'आपण'. 'तू'वरून माणूस 'उस्तेद'वर गेला की तिकडे समजतात, तो बिनसला. तिला वाटलं, ती आली ते चालतंय, पण जेवतेय ते तुम्हाला खपत नाही."

"अगं, ते 'एर'वालं क्रियापद..."

"दोन दिवस मी म्हटलं, पाठांतर चुकलं असेल. पण आज तर सकाळपासून सगळंच 'उस्तेद'. गाडीत ती रडायच्या बेतात होती. मला म्हणाली, तुझ्या बाबांना हे लग्न नकोय, सभ्य माणूस आहे म्हणून बोलत नाही. त्यांना त्रास नको, आपण तिकडेच सह्या करून टाकू."

सर कडुनिंबाकडे बघत राहिले. मनातले बांबू एकेक करून कोणीतरी उपटून नेत होतं.

"तू समजावून सांग ना तिला," ते म्हणाले.

"मी सांगितलं. ती म्हणते, बापाची बाजू लेक घेणारच. आता जेवायला बसू तेव्हा तुम्हीच तिला 'तू' म्हणा. एकच शब्द आहे. 'कोमे.' बाबा, मला पण लग्न इथंच करायचंय हो."

एकच शब्द. संध्याकाळी पाटावर बसल्यावर सरांना कळलं की तो त्यांच्या तोंडात मावत नाही. समोर पिलार बसली होती, पाहुण्यासारखी पाठ ताठ करून. सीमाने मिरचीचा नाद सोडला होता. नाहीतरी खायचं नाहीच, तर निदान सासूला तरी चव येऊ दे, म्हणून तिने आज पहिल्या दिवसाच्या दुप्पट मिरची कुटून भरीत केलं होतं.

सरांनी तोंड उघडलं. "को..." आणि त्यांना लग्नातल्या रुसलेल्या विहिणी आठवल्या, पाय धुणारे मुलीचे बाप आठवले, आणि वर्गातल्या फळ्यावरचं आदरार्थी अनेकवचन आठवलं. मुलाच्या आईला 'खा गं' म्हणायचं? "को..." ते पुन्हा म्हणाले. पिलारने डोळे खाली घातले. आता 'मा' येणार हे तिला पाठ झालं होतं.

"काय रे कोंबडासारखं को को करी ऱ्हायना?" कौसाबाई वैतागून म्हणाली. "अन्न गार व्हई ऱ्हायनं. तिले खाय म्हन, नही तं मले तरी खाऊ दे!"

रुपा फस्सकन हसली, तोंडावर हात ठेवला तरी थांबेना. आणि सरांना त्या हसण्याने की कसल्याने कोण जाणे, आईनेच चिडून समोर ढकललेली रनाळ्याची ताटं आठवली. 'खाय रे.' त्या 'रे'ने कधी अपमान झाल्याचं आठवत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि अहिराणीतच जोर घेतला.

"खाय व बाई," ते म्हणाले. आणि तोच श्वास सुटायच्या आत, "कोमे! पिलार, कोमे!"

पिलारने मान वर केली. "कोमे?" तिने विचारलं, जशी ग्राहकाने सांगितलेली ऑर्डर पक्की करतात तशी.

"कोमे," सर म्हणाले. "बेबे. आब्ला. एस्पेरा. सगळं. तू. तू, तू, तू."

शेवटचं मराठीत होतं का स्पॅनिशमध्ये, ते सांगता येत नाही. तिथं दोन्ही एकच आहेत. पिलारने असा काही नि:श्वास टाकला की समईची ज्योत हलली. तिने भाकरीचा मोठा तुकडा मोडला, तीन दिवसांच्या भुकेने भरतात खुपसला आणि तोंडात घातला.

सीमा "अगं बाई, थांब" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. पिलारचा चेहरा टोमॅटोसारखा झाला, डोळ्यांतून धारा लागल्या, पण ती थांबेना. खात होती, रडत होती आणि हसत होती, यातलं काय मिरचीमुळे हे ओळखायला मार्ग नव्हता. मग तिने तोच तुकडा पुन्हा भरतात बुडवला आणि हात लांब करून सरांच्या तोंडापुढे धरला.

"नवाल," ती म्हणाली. तिला 'नवल' म्हणता येत नव्हतं. "कोमे."

पंचवीस वर्षांत आईखेरीज सरांना कोणी असं नुसत्या नावाने, 'सर'शिवाय, आज्ञा केली नव्हती. त्यांनी उच्चाराची दुरुस्ती करायला तोंड उघडलं, आणि त्यात घास गेला.

रात्री ताटं उचलताना पिलार रुपाला काहीतरी म्हणाली. रुपाने भाषांतर केलं नाही. ती ओल्या हाताने तशीच अंगणात आली, कडुनिंबापासून फाटकापर्यंत पावलं टाकत गेली, परत आली आणि म्हणाली, "बाबा, मांडव इथून इथपर्यंत पुरेल ना रे?"

सरांनी ऐकलं. 'ना रे' ऐकलं. "पुरेल," ते म्हणाले. दुरुस्ती केली नाही.

लग्न फेब्रुवारीत झालं. आदल्या दिवशी फाटकाच्या कमानीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधायला नवल शिडीवर चढला. हो, आता आपणही त्याला नवलच म्हणू. घरात आता त्याला कोणी 'तुम्ही' म्हणत नाही, आपण एकट्यानेच कशाला लाज राखायची? खाली पिलार शिडी धरून उभी होती, पिठाने माखलेल्या हातांनी, कारण तिने कळण्याच्या पिठाचा पाव करायला घेतला होता.

"सूबे!" ती खालून ओरडली. अजून चढ.

"उतर रे, पडशी!" ओट्यावरून कौसाबाई.

"सर, डावीकडे जास्त लोंबतंय," सीमा म्हणाली. ती भांडत नव्हती, तरी म्हणाली.

"बाबा, थांब, हलू नकोस, फोटो काढतेय," हळद लागलेली रुपा म्हणाली.

नवल एक पाय वरच्या पायरीवर आणि एक खालच्या पायरीवर ठेवून तसाच उभा राहिला. आयुष्यभर त्याने आज्ञार्थ शिकवला होता. एका वेळी चार आज्ञा मिळाल्या तर कोणती पाळायची, हे अभ्यासक्रमात नव्हतं.